नव्वदच्या आत

एकतीस वर्षं धार लावण्यात गेली,
भोसरीच्या शेडमध्ये, कूलंटच्या दुधाळ वासात.
कार्बाइडच्या टोकाला उतार किती द्यायचा
ते बोटांना ठाऊक. तक्ता भिंतीवर नुसता टांगलेला.
आता गच्चीत गोणपाट अंथरून बसतो,
डोळ्यांना गॉगल, मांडीवर चामड्याचा तुकडा,
आणि दगडावर दगड मारतो.
शालन जिन्यातून विचारते, झालं का?

पहिला दगड वेताळ टेकडीच्या जुन्या खाणीतला,
काळा, जडशीळ.
मारला की पांढरा ठिपका उमटे,
फळ्यावर खडू टेकवून कुणी विसरावं तसा.
जोर केला तर फुटे भलतीकडेच,
आणि हाताला मुंग्या येत कोपरापर्यंत.

मुंढव्याच्या पुलाखाली पाटे-वरवंटे मांडून बसतात
हणमंता धोत्रे. त्यांच्यापुढे ठेवला.
त्यांनी तो कानाशी नेला, नखानं वाजवला,
नारळ पारखावा तसा.
“ह्यो टाकीचा दगड. ह्याला दाणा हाय, पाटा होईल.
तुमाला दाणा नसलेला पायजे. काचंसारका.
हिरी खणत्यात तितं जावा,
लोक गारा फेकून देत्यात.”

सासवडच्या पुढं, कऱ्हेच्या काठाला,
एका नव्या विहिरीच्या मलब्यावर दिवसभर ओणवा होतो.
शेताचा मालक आला. “स्फटिकवाले का? काय भाव देता?”
म्हटलं, धारवाला आहे.
तो बराच वेळ माझ्या चपलांकडे बघत राहिला,
मग म्हणाला, न्या, न्या, पोतं भरून न्या.

वरून बटाट्यासारखी खरबरीत,
फोडली की आत थिजलेल्या पेजेचा रंग.
कड उन्हात धरली
तर पलीकडचं बोट दिसावं, इतकी पातळ.
तांबट आळीतून वीतभर कांडी आणली तांब्याची,
तिला लाकडी मूठ बसवली.
दुकानदारानं विचारलं, कशाला?
सांगितलं, तर त्यानं पाच रुपये कमी घेतले.

घाव बघतो तिथं बसत नाही.
तो आत उतरतो, वळतो,
आपल्याला न दिसणाऱ्या बाजूनं बाहेर येतो.
कड नव्वदच्या आत असली तरच दगड ऐकतो,
नव्वदच्या पुढं कितीही मारा, नुसता आवाज.
मायक्रोन मोजलेले हे हात
तीन महिने चिकटपट्ट्यांत गुंडाळलेले.
मग एका मंगळवारी कपची तळहातावर पडली,
न रागावता,
शिंपल्यासारख्या लाटा पोटावर घेऊन.
शालननं ती उचलली, पाण्याखाली धरली,
आणि भाजीची कोथिंबीर तिनंच चिरली.
“सुरीपेक्षा बरी,” म्हणाली. सुरीला धार मीच लावतो.

पावसाळ्यानंतर परत गेलो कऱ्हेला.
दरडीच्या गोट्यांत एक सापडली,
कडा झिजलेल्या, वर सायीसारखा पातळ थर.
चांगलं हत्यार नव्हतं ते.
मध्यावर घाव अडकला होता, पायरी पडली होती,
त्याच पायरीवर आणखी तीनदा मारलं होतं कुणी तरी,
चिडून, खालची कड न घासता.
माझ्या गच्चीत अशा चाळीस पडल्यात.
कुणी हाक मारली असणार त्याला मागून,
झालं का म्हणून.
होती तशी, त्याच कुशीवर, परत ठेवली.

माझ्या कपच्यांचा ढीग मात्र
गच्चीत ठेवता येत नाही, अनवाणी पोरं येतात.
दिवेघाटाजवळ मेव्हण्याचा प्लॉट आहे,
कोपऱ्यात हातभर खड्डा केला, पोतं रिकामं केलं,
वर एक रुपयाचं नाणं टाकलं, यंदाच्या सालाचं.
पुढंमागं कुणी खणलं
तर फसू नये, एवढ्यासाठी.
शालन वाकून बघत होती.
म्हणाली, पाचचं टाक,
इतक्या चुकांना एक रुपया बरा दिसत नाही.